रोजची भाकर: हाले, ब्रिस्टल, केडगाव

‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ मराठी ख्रिस्ती घरात लेकरू बोलू लागलं की ही प्रार्थना त्याच्या तोंडी बसते. मागणं फक्त आजचं, आईच्या पदराला धरून मागावं तसं. एवढ्या भरवशावर शेकडो पोटं जगवता येतील का, हे काहींनी खरोखरच करून पाहिलं.

जर्मनीतल्या हाले इथे पाळक (चर्चचे धर्मगुरू) फ्रांके यांनी १६९८ साली अनाथगृहाच्या इमारतीचा पाया घातला तेव्हा हाताशी पुरेसा पैसा नव्हता. पुढे हालेतच शिकणारे जॉर्ज म्युलर काही काळ त्या अनाथगृहात राहिले. इंग्लंडमध्ये पाळक झाल्यावर १८३० साली त्यांनी ठरलेला पगार सोडला. १८३५च्या डिसेंबरात बायबलमधल्या ८१व्या स्तोत्रातलं वचन त्यांच्या मनात रुतलं: तोंड चांगलं उघड, मी ते भरीन. चोच उघडून बसलेलं पिल्लूच डोळ्यांपुढे यावं! १८३६ साली ब्रिस्टलला पहिलं अनाथगृह उघडलं. मुलांना आसरा हवाच होता. पण देव आजही ऐकतो हे लोकांना दिसावं, हा आपला पहिला हेतू असल्याचं म्युलर यांनीच लिहिलं आहे. माणसाकडे मागायचं नाही, कर्ज काढायचं नाही, पै-पैचा हिशेब मात्र दरवर्षी छापायचा. हा अहवाल म्हणजे आडून मागणंच, असं कुणालाही वाटेल. त्यांनाही ते जाणवत असावं. १८४१च्या अखेरीस तिजोरी रिकामी असताना त्यांनी अहवाल मुद्दाम लांबवला. मला हा भरवसा तिथे सर्वांत खरा वाटतो.

म्युलर यांचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला: इतर देशांत देवावर असं विसंबता येतं, तर हिंदुस्थानात का नाही? दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईचा हा प्रश्न आहे. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. रमाबाईंची संस्था पुण्यात होती, पण तिथे प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना पुण्याजवळच्या केडगावला आपल्या शेतावर नेलं. रमाबाईंच्या कामाला पैसा पुरवण्याची अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमी १८९८ साली संपली. अमेरिकेतून मदत त्यानंतरही येत राहिली, पण ठरलेली रक्कम अशी उरली नाही. केडगावात प्रार्थना चालू होती, आणि शेत, माग, तेलघाणा, छापखानाही.