आज तिथी कोणती?

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सुरमई ताजी आहे का असं विचारलं, की मावशी कल्ल्याचं झाकण उचलून दाखवतात. आत लालभडक धाग्यांची फणी दिसते. एकदा ते डोकं घरी आणून पातेलंभर पाण्यात सोडून बघा. चिकटलेले धागे सुटे होऊन पसरतात, आणि बाहेर काढलं की पुन्हा एकमेकांना बिलगून त्यांचा गोळा होतो. किनाऱ्यावर अडकलेला मासा हवेत गुदमरतो तो असा. हवेत प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, पण तो घ्यायला लागणारा कल्ल्यांचा पसाराच मिटलेला असतो.

व्हेल शार्कसारख्या अवाढव्य माशाला तर स्वतःचं वजनही भोवतं. जगातल्या या सर्वांत मोठ्या माशाचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. त्याच्या पोटाभोवती बरगड्यांचा पिंजरा नसतो. पाण्यात ते कित्येक टन सहज तोलले जातात, पण वाळूवर टेकल्यावर आतले अवयव दबू लागतात.

मग तो वेळीच मागे का फिरत नाही? आपण पुणेकर ताम्हिणी उतरून ज्या सपाट पुळणींवर जातो, तिथे समजा ५० मीटरला १ मीटर उतार असेल, तर पाणी २ मीटर उतरताच समुद्र १०० मीटर मागे जातो. ओहोटी साधारण सहा तासांची, पण निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच उतरतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल, तर आतल्या खोलगट भागात शिरलेल्या माशाची वाट त्याला कळण्याआधीच बंद होते.

अशा वेळी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कोकणातला जुना हिशोब. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पण नुसती वेळ कळून भागत नाही. भरतीच्या अगदी टोकाला मासा चतुर्दशीला अडकला, तर उधाण चढतं असतं, म्हणून पुढचं पाणी साधारणपणे त्याच्यापर्यंत पोहोचतं. तोच पंचमीला अडकला, तर भांगाकडे, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या दिवसांकडे, जाणारी प्रत्येक भरती आधीपेक्षा ठेंगणी होत जाते. तिथे पुढच्या भरतीची वाट बघत बसणं म्हणजे मासा गमावणं.

माणसं जमतात आणि घाईत शेपटीला दोर बांधून ओढतात. त्याने पाणी कल्ल्यांत उलट्या बाजूने घुसतं, सोबत वाळूही जाते. त्याऐवजी डोक्याभोवतीची वाळू उपसून कल्ले पाण्याखाली राहतील एवढा खड्डा करावा, अंगावर ओली फडकी टाकावीत आणि पाणी आलं की तोंड समुद्राकडे वळवावं. व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे वनखात्याला १९२६ वर लगेच फोन करावा. आणि वाडीतल्या एखाद्या जाणत्या कोळ्याला हाक मारावी. तो आल्याआल्या आधी तिथी विचारेल.