मॉरिशसचा आठवडा: रिसॉर्ट पसंत करण्याआधी किनारा ठरवा

बडोद्यातल्या आमच्या प्रवासी ग्राहकांसाठी

"मॉरिशसला सात दिवस, खाणंपिणं सगळं धरून कितीला पडेल?" दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न सुट्ट्या जवळ आल्या की रोजच येतो. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे काय, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मनगटाला पट्टा बांधला की नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं त्यात आलं, शिवाय चहा-कॉफी, स्थानिक पेयं, बहुतेक ठिकाणी कयाक आणि पेडल बोटही. स्पा, स्कूबा, परदेशी ब्रँडची दारू आणि बाहेरच्या सहली यांचे पैसे सहसा वेगळे. रिसॉर्टागणिक थोडा फरक असतो, म्हणून कोटेशनसोबत यादी देतो. ती वाचा.

अडतं ते दुसरीकडेच. पोचल्याच्या रात्री फोन येतो, "अहो, इथे केवढा वारा सुटलाय! पोरांना समुद्रात सोडवत नाही. हॉटेल बदलून द्या." तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेदहा. आम्ही फोन घेतो आणि खटपटही करतो. पण आठवड्याचे पैसे आधीच भरलेले असतात, उरलेल्या रात्रींचे सहसा परत मिळत नाहीत. तुमचे दोन दिवस चिडचिडीत जातात, आमचेही फोनवर.

चूक रिसॉर्टची नसते, किनाऱ्याची निवड चुकलेली असते. मॉरिशसवर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, कमी-जास्त प्रमाणात वर्षभर. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपला पावसाळा तो तिथला हिवाळा, आणि जून ते सप्टेंबर या वाऱ्याचा जोर सर्वांत जास्त. तो आधी आदळतो पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे बेल मार आणि आसपासच्या भागावर. मधल्या डोंगर-पठाराच्या आडोशाला असलेला पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक त्याच दिवशी बराच शांत असतो. उत्तरेचा ग्राँ बे या दोघांच्या मधला. नैर्ऋत्येचं ल मोर्न मात्र वेगळं. तिथे वारा वळसा घालून येतो आणि पतंग बांधून लाटांवर धावणारे काइटसर्फर मुद्दाम त्यासाठीच तिथे जातात. तुम्हाला पोहायचं असेल, तर आधी आम्हाला विचारा.

बेल मारचे फोटो सुंदर आहेत आणि किनारा खरोखर तसाच आहे. फक्त फोटोत वारा दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या उकाड्यात तोच वारा हवासा वाटतो, म्हणून त्या दिवसांत आम्ही स्वतःहून पूर्व किनारा सुचवतो. मात्र जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे मुख्य महिने, तेव्हा तारखांबद्दल आधी बोलू. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वारा उतरलेला असतो, पाऊस कमी असतो. त्या वेळी कुठलाही किनारा चालतो. आमच्या मते बडोदेकरांसाठी हाच सर्वांत चांगला काळ. मे महिन्यात वारा वाढायला लागलेला असतो. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील, तर मेपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमच घ्या.

"पण आम्हाला ईल ओ सर्फ हे छोटं बेट बघायचंय, ते तर पूर्वेला आहे ना?" अख्खं मॉरिशस जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला गाडीनं तास-दीड तास. मुक्काम पश्चिमेला ठेवून एक दिवस तिकडे जाऊन येता येतं. बोटीची सहल मात्र पहिल्या दोन दिवसांतच उरका. वाऱ्यामुळे रद्द झाली तर पुढचे दिवस हाताशी राहतात.

मोबाइलवर हवामान बघून घाबरू नका. वारा मधल्या पठारावर चढला की तिथल्या क्युरपिप शहरात पाऊस पडतो. तो आकडा बघून पश्चिमेचा दिवस वाया गेला असं समजू नये. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात. तरी लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. जुलैत किनाऱ्यावर दिवसा २४ अंशांच्या आसपास, संध्याकाळी वाऱ्यात गारठा. प्रत्येकाचं एक विंडचीटर बॅगेत असू द्या.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी पदार्थ बुफेत असतात, आणि बाहेर मिळणारी डाळ भरलेली ढोल पुरी तर आवर्जून खा. जैन जेवण किंवा उपवास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आम्ही लेखी कळवून ठेवतो. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी मंडळींचा हा सण. त्या आठवड्यात जात असाल तर विसर्जन चुकवू नका.

आमच्या कोटेशनवर रिसॉर्टच्या नावाआधी किनाऱ्याचं नाव आणि महिना लिहिलेला असतो, आणि त्याखाली आम्ही तुमची सही घेतो. काहींना ही कटकट वाटते. पण ही सही घ्यायला लागल्यापासून रात्रीचे फोन खूपच कमी झाले आहेत. खोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे आम्ही रिसॉर्टला फोन करून विचारतो. नुसत्या दरपत्रकावर ते कळत नाही.

ऑफिसात येताना पासपोर्टची प्रत आणि सुट्टीच्या पक्क्या तारखा आणा. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग तिथे उतरल्यावर दाखवावं लागतं. दोन्ही कागद आम्ही फाइलमध्ये लावून देतो.