पशुवैद्याला जनावरांचे रोग लागत नाहीत, हे खरे आहे का?

'ज्याची उभी हयात गोठ्यात गेली, त्या पशुवैद्याच्या अंगात प्रतिकारशक्ती मुरते आणि जनावरांचे रोग त्याला लागत नाहीत', हा समज नागपूर परिसरात वर्षानुवर्षे फिरत आहे. तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण डॉक्टर हातमोज्यांविना काम करताना दिसतात, आणि मध्येच त्यांना येऊन गेलेला ताप कोणी गोठ्याशी जोडत नाही.

पण तो खरा नाही. गायी-म्हशींना गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या ब्रुसेलोसिस या जंतुजन्य रोगाचेच पाहू. काटोल किंवा उमरेडकडे गाभडलेल्या गायीची अडकलेली वार काढताना डॉक्टरांचा हात जवळपास खांद्यापर्यंत आत असतो, आणि गाय बाधित असेल तर त्या वारेत व स्रावात जंतू प्रचंड संख्येने असतात. नखाजवळची बारीक चीर किंवा डोळ्यात उडालेला थेंब त्यांना पुरतो. (मे महिन्यात खांद्यापर्यंतचा लांब हातमोजा नकोसा होतो, हेही खरेच.) ताप बहुधा 2 ते 4 आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी येतो; त्याचा चढउतार आणि रात्रीचा घाम पाहून तो टायफॉइड किंवा मलेरिया समजला जातो. रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर जंतूशी गाठ पडल्याचे कळते. पुढच्या संरक्षणाची हमी त्यातून मिळत नाही, कारण बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो.

याचा पडताळा ब्रुसेलोसिसच्या लशीतच मिळतो. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना टोचली जाणारी ही लस जिवंत जंतूंची असते, आणि तिची सुई चुकून बोटात शिरली तर अनुभवी पशुवैद्यालाही तातडीने वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.