गुरू की कारभारी? शिवरायांच्या जडणघडणीच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्याच्या लाल महालातल्या शिल्पातून २७ डिसेंबर २०१० रोजी मध्यरात्रीनंतर एक माणूस कमी झाला. शिल्प तिघांचे होते: जिजाऊ, सोन्याचा नांगर धरलेले बाल शिवाजी आणि दादोजी कोंडदेव. सकाळी मायलेक होते, पंत नव्हते. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत काही दिवस आधीच तसा ठराव झाला होता, म्हणजे निर्णय काही गुपित नव्हता. तरी अंमलबजावणीला वेळ निवडली ती रात्रीची, पोलीस बंदोबस्तातली. दुसऱ्या दिवशी सभागृहात तोडफोड झाली, मग शहरात बंद, बसवर दगडफेक. ज्या वास्तूवरून हे घडले ती मूळची नव्हेच. शहाजीराजांच्या जहागिरीतला लाल महाल केव्हाच नाहीसा झाला. आज उभा आहे तो महापालिकेनेच १९८० च्या दशकात बांधलेला.

वरवर पाहता भांडण एका पुतळ्याचे. खाली मात्र प्रश्न जुनाच होता: महाराजांना घडवले कोणी? आपल्याकडे थोर माणूस आपला आपण थोर झाला असे कुणाला पटत नाही. त्याला कुणीतरी 'घडवलेले' लागते, आणि घडवणारा आपल्यातला निघाला तर बरेच.

वादाचा सगळा गुंता 'गुरू' या एका शब्दात आहे. मराठीत कानात मंत्र देणारा गुरू, तालमीतला वस्ताद गुरू, गाणे शिकवणारा गुरू, आणि अक्षर गिरवून घेणारे पंतोजीही सोयीनुसार गुरूच. एक बाजू म्हणते, दादोजींनी हाताशी धरून शिकवले म्हणून ते गुरू. दुसरी म्हणते, पगारी नोकर गुरू कसा होईल? दोघेही एकच शब्द उच्चारतात आणि दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतात.

कागदपत्रांपुरते बोलायचे तर चित्र बरेच स्वच्छ आहे. दादोजी हे मलठणचे कुलकर्णी, शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचे कारभारी आणि त्याच वेळी आदिलशाहीचे कोंढाण्याचे सुभेदार. एका माणसाला दोन धनी, ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती. त्यांनी केलेले वतनाचे निवाडे उपलब्ध आहेत. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत त्यांचे वर्णन दोन शब्दांत केले आहे: 'शहाणा चौकस'. कारभाऱ्याला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते? पण गुरू असे तो म्हणत नाही. उलट बारा वर्षांच्या शिवाजीराजांना पुण्याला पाठवताना शहाजीराजांनी सोबत पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असे अख्खे कारभारी मंडळ दिले, हे तो नावानिशी सांगतो. १६४७ मध्ये दादोजी वारले.

गुरुपद त्यांना चढत गेले ते पुढच्या बखरींत. मालकाच्या बागेतला आंबा तोडला म्हणून दादोजी स्वतःचाच हात तोडायला निघाले, लोकांनी अडवल्यावर एका बाहीला तोकडा अंगरखा घालू लागले, ही गोष्ट त्यातलीच. गाढवांचा नांगर फिरवून उजाड केलेल्या पुण्यात सोन्याचा नांगर चालवल्याची कथाही अशीच शिल्पापर्यंत आली. १८२६ मध्ये, साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या एका स्कॉटिश अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात दादोजी पालक म्हणून पक्के झाले आणि महाराजांना सही करता येत नव्हती हेही ठोकून दिले गेले. या दोन विधानांचा एकमेकांशी संबंध आहे, असे मला वाटते. राजा निरक्षर ठरला की त्याच्यामागे एक शहाणा माणूस उभा करावाच लागतो. त्याला पहिले सणसणीत उत्तर मिळाले ते १८६९ च्या एका पवाड्यात. पाण्यात खेळणाऱ्या माशाला गुरू कोण, असे तो शाहीर विचारतो. तरी चौथीच्या पुस्तकात दादोजी राहिलेच, आणि आपल्या पिढ्यांना ते तिथेच भेटले.

मग २००३ चे एक परदेशी अभ्यासकाचे पुस्तक आले. त्यातल्या एका वाक्यात दादोजींच्या नावाआडून जिजाऊंवर शिंतोडे उडवले होते. जानेवारी २००४ मध्ये पुण्यातल्या एका नामांकित संशोधन संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-हस्तलिखिते विस्कटली, पुस्तकावर बंदी आली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. पुस्तक बहुतेकांनी वाचले नव्हते, पण तेव्हापासून दादोजींचे नाव निरुपद्रवी राहिले नाही. 'गुरू कोण' हा इतिहासाचा प्रश्न होता, तो अब्रूचा झाला. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे निर्णय समजत नाहीत.

पहिला निर्णय पुरस्काराचा. उत्तम क्रीडा प्रशिक्षकांना राज्य शासन जो सन्मान देत असे तो दादोजींच्या नावाने होता. शिवरायांना घडवणारा म्हणून प्रशिक्षकांचा आदर्श, असा त्यामागचा साधा विचार. २००८ च्या सुमारास शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली. दादोजी गुरू असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि पुरस्काराचे नाव बदलले. पुढे पाठ्यपुस्तकातही दुरुस्ती झाली, मग लाल महाल. ठाण्याच्या क्रीडाप्रेक्षागृहाला मात्र दादोजींचेच नाव राहिले. म्हणजे पुरस्काराला जो पुरावा अपुरा पडला तो स्टेडियमला पुरला.

समितीचा निष्कर्ष बरोबरच होता. पण पुरावा नाही म्हणून पदवी काढणे वेगळे आणि माणूसच शिल्पातून उचलणे वेगळे. जहागिरीत ते होते, याला तर ढीगभर पुरावा आहे. 'गुरू'ऐवजी पाटीवर 'कारभारी' लिहिले असते तरी भागले असते, पण तेवढ्यावर दोन्ही बाजूंचे समाधान झाले नसते.

या धुमश्चक्रीत खऱ्या जडणघडणीकडे फारसे कुणी पाहत नाही. लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे निजामशाहीच्या दरबारात २५ जुलै १६२९ रोजी कापले गेले. जिजाऊंचे माहेर एका दिवसात असे उजाड झाले आणि काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर मूल जन्मले. पाठोपाठ दख्खनचा तो भयंकर दुष्काळ. पुढे काही काळ बंगळूर, जिथे शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांतले कवी होते. सातव्या वर्षी मुलाला अक्षरओळखीसाठी गुरूकडे सोपवल्याचे समकालीन संस्कृत काव्यात आहे; त्या गुरूचे नाव कुणाला नको आहे, कारण त्याच्यावरून भांडता येत नाही.

'संस्कार' हा आणखी एक निसरडा शब्द. जिजाऊंनी रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगून संस्कार केले, असे आपण सहज म्हणून जातो. शब्दाचा जुना अर्थ घेतला तर महाराजांची मुंज झाली २९ मे १६७४ ला, राज्याभिषेकाच्या आठवडाभर आधी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी! आणि ज्या आईला आपण फक्त गोष्टी सांगायला बसवले, तिची स्वतःची मुद्रा फारसीत आहे. ती निवाडे करत होती, १६६६ मध्ये मुलगा आग्र्यात अडकला तेव्हा मुलूख सांभाळत होती. फारसी मुद्रेच्या आईने आणि फारसी मुद्रेच्या वडिलांनी मुलाला 'प्रतिपच्चंद्रलेखेव' अशी संस्कृत मुद्रा दिली की त्याने स्वतः घेतली, हा प्रश्न मला गुरूच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

ही मुद्रा असलेले, रांझ्याच्या पाटलाविषयीचे पत्र २८ जानेवारी १६४६ चे. पाटलाने बदअमल केला, त्याचे हातपाय तोडले. मग भाऊबंदांतल्या एकाने अर्ज केला, त्याच्याकडे त्या पाटलाला सांभाळायला दिले आणि पाटीलकीही त्यालाच दिली. मुलगा सोळाचा, दादोजी हयात, जिजाऊ पुण्यात. शिक्षा कठोर, पण लंगडा झालेला माणूस खाणार काय याचाही विचार त्याच कागदात. जहागिरीचा दफ्तरखाना हीच शाळा होती, असे मी म्हणतो ते यावरून.

रामदासांचा वाद याच वाटेने गेला आहे. पहिली भेट १६४९ ची की १६७२ ची, यावर शंभर वर्षे शाई सांडली. २०२२ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांनी समर्थांशिवाय शिवाजीला कोण विचारेल, अशा अर्थाचे विधान केले आणि पुन्हा मोर्चे निघाले. भेट १६७२ ची मानली तर राजा तेव्हा चाळिशी ओलांडलेला, सुरत दोनदा लुटलेला, आग्र्याहून निसटून आलेला. त्याला तेव्हा भेटून कुणी घडवले, असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

पुढल्याच वर्षीचे, १६७३ चे, चिपळूणच्या छावणीला गेलेले एक पत्र या वादात क्वचितच निघते. पावसाळा तोंडावर होता. बेगमीचा दाणा-वैरण आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर, लाकूडफाटा, भाजी उचलू लागाल आणि रयत म्हणेल याहून मोगल बरे, असे राजा बजावतो. मग गवताच्या गंजीकडे वळतो. कुणी जवळपास चूल पेटवील, कुणी तमाखू ओढील, एखादी ठिणगी उडेल. रात्री दिवा जळता ठेवून निजाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी गंजी जळून जाईल.