साधं बीडच बरं: ट्रॅकवरच्या ब्रेक रोटरची पार्श्वभूमी

उद्यमनगरातल्या एका लेथवर मागच्या महिन्यात मित्राचा नवा कोरा रोटर, म्हणजे ब्रेकची बिडाची (ओतीव लोखंडी) चकती, घेऊन गेलो होतो. चकचकीत, भोकं पाडलेला, स्वस्तात मिळालेला. टर्नरमामांनी तो उभा धरला, कडेकडून डोळा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "ह्याचा कोअर सरकलाय की." कोअर म्हणजे ओतताना आतली पोकळी घडवणारा वाळूचा ठोकळा. मायक्रोमीटर नंतर लावला. हवा खेळायच्या फटीच्या एका बाजूचा गाल, म्हणजे चकतीची सपाट भिंत, दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर जाड निघाला.

रेसिंगचं वेड कोल्हापूरला नवं नाही. कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या इथल्या मोहिते ट्रॅकवर झाल्यात. मोठी गाडी पळवायची म्हटलं की मात्र ती ट्रेलरवर घालून कोइमतूरच्या करी स्पीडवेला, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला न्यायची. असे दोन-तीन ट्रॅक डे झाले की स्टिअरिंग थरथरायला लागतं, पेडल खोल जातं, आणि मग प्रश्न येतो: परवडणारा रोटर कुठला?

या प्रश्नाचं मूळ फार मागे आहे. डिस्क ब्रेकचं पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ साली घेतलं. त्याचे पॅड, म्हणजे चकतीला दोन्हीकडून चिमटणारे ठोकळे, तांब्याचे होते आणि चकतीवर घासले की कान किटतील असे किंचाळायचे. पुढची पन्नास वर्षं गाड्यांवर राज्य ड्रम ब्रेकचंच राहिलं. ड्रमची खोड अशी, की तापला की तो फुगून आतून दाबणाऱ्या ब्रेक-शूंपासून दूर जातो. नेमकी गरज असते तेव्हाच पकड ढिली. चकती तापली की जाड होते, म्हणजे पॅडकडेच सरकते. १९५३ च्या ल मान्सला डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चोवीस तासांची शर्यत जिंकली, तीही ताशी १०० मैलांच्या वरच्या सरासरीनं. इतरांना वळणाच्या खूप आधी ब्रेक दाबावा लागत होता, जॅग्वारवाले उशिरा दाबत होते. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आली आणि मग ती रस्त्यावरच्या गाड्यांत पसरत गेली.

पुढचं भांडण उष्णतेशी. १२०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची तर सुमारे ९ लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. त्यातला ७० टक्के भार पुढच्या दोन चकत्यांवर धरला, तर ८ किलोची चकती एकाच दाबात ७५-८० अंशांनी तापते. पुढचं वळण येईपर्यंत ती पुरती निवतही नाही, तोवर दुसरा दाब. म्हणून दोन गालांमध्ये पोकळी ठेवून हवा खेळवणाऱ्या चकत्या आल्या.

भोकांची गोष्ट इथूनच सुरू होते. त्या काळच्या पॅडमधला चिकट द्रव्याचा भाग तापला की वायू सुटायचा आणि पॅड-चकतीच्या मध्ये गादीसारखा अडकायचा. भोकांतून तो निसटायचा, वजनही थोडं कमी व्हायचं. १९७८ च्या पोर्शे ९११ टर्बोला ९१७ या रेसिंग गाडीच्या धर्तीचे भोकांचे ब्रेक आले आणि ती शोरूममधली शान बनली. पुढे पॅड सुधारले, वायूचा त्रास जवळपास संपला. भोकं मात्र राहिली. आता ती बहुतेक दाखवायलाच. ट्रॅकवर तापणं-निवणं सुरू झालं की तडा जातो तो भोकाच्या काठापासून. खाचा पाडलेला रोटर त्या मानानं बरा, पण पॅड लवकर खातो.

कार्बनचं वेगळंच. १९७६ मध्ये ब्रॅबहॅम संघानं फॉर्म्युला वनमध्ये कार्बन ब्रेक वापरून पाहिले, २००१ मध्ये पोर्शे ९११ जीटी२ वर सिरॅमिक चकत्या आल्या. त्याची किंमत आपण विचारू नये.

उरलं आपलं बीड. करडं ओतीव लोखंड: त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, ते उष्णता पटकन पसरवतात आणि कंपही गिळतात. कार्बन जरा जास्त ठेवलेलं बीड तर रोटरसाठी आणखी चांगलं. ऑइल इंजिनांची ओतकामं करत वाढलेल्या, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आयुष्य काढलेल्या गावाला हे नव्यानं सांगायला नको. रोटरची पोकळी वाळूच्या कोअरनं घडते. साच्यात कोअर हलला की एक गाल जाड, एक पातळ. पातळ गाल आधी तापतो, चकती बशीसारखी वाकते. माझ्या मते स्वस्त रोटरची खरी परीक्षा हीच. कडेवर तोल साधायला मारलेला कट फार मोठा असेल तर संशय घ्यावा.

"रोटर वाकडा झालाय" ही तक्रार मात्र पुष्कळदा खोटी असते. तापलेल्या चकतीवर पॅडचा थर कमी-जास्त बसतो, त्याची ती थरथर. नवे पॅड नीट बसवून, हळूहळू तापवून घेतले तर निम्मा त्रास टळतो.

तेव्हा साधा, बिनभोकांचा, हवा खेळणारा रोटर घ्यावा आणि पॅडसारखाच तोही झिजणारा माल धरावा. वाचलेले पैसे ट्रॅकच्या पॅडवर आणि ब्रेक ऑइलवर घालावेत. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत उतरते. खोल जाणारं पेडल बऱ्याचदा याचंच. रोटरच्या दोन गालांमधली पाती वाकडी असतील तर डावा-उजवा रोटर वेगळा असतो, चाक पुढे फिरताना पाती मागे झुकलेली दिसली पाहिजेत. हे उलटं बसवलेलं मी दोनदा पाहिलंय.

मित्राचा तो रोटर दुकानदारानं परत घेतला नाही. आता तो टर्नरमामांच्या टपरीवजा शेडमध्ये दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवलाय.