ओहोटीच्या तोंडाशी जिताडा

मुंबईच्या खाडीत जिताडा कधी गळाला लागेल, हे घड्याळापेक्षा तिथीवरून अधिक नेमके कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात येथील भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे ५ मीटरपर्यंत फरक पडतो. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगात, तो बराच कमी होतो. उधाणाचे पाणी तिवरांच्या मुळांमध्ये शिरते आणि ओहोटी लागताच तेथे चरायला आलेली कोळंबी व बोईची पिल्ले अरुंद ओहोळांतून खाडीकडे ओढली जातात. जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशीच दबा धरून बसतो.

फ्लाय फिशिंग करणारा हीच जागा निवडतो. गळाला पिसे व केस बांधून केलेली त्याची 'फ्लाय' इतकी हलकी असते की ती एकटी दूर फेकताच येत नाही. जाड, वजनदार दोरीच तिला पुढे नेते. गोड्या पाण्यात अशी फ्लाय बहुधा कीटकासारखी केलेली असते, खाऱ्या पाण्यात मात्र ती लहान मासा किंवा कोळंबी भासावी लागते. आपल्या खाडीचे पाणी गढूळ असल्यामुळे पाणी ढवळत जाणारी फ्लाय येथे अधिक उपयोगी पडते, कारण अंगावरील पार्श्वरेषेने जिताड्याला पाण्यातली हालचाल जाणवते.

हिवाळ्यात याच ओहोटीवर रोहितही (फ्लेमिंगो) अवलंबून असतात. उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी धरून ते सूक्ष्म शैवाल गाळून खातात आणि भरती चढली की मागे सरकतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून त्यांचे अभयारण्य असून २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. त्या हद्दीपासून गळ दूरच ठेवावा.

पावसाळा हा जिताड्याच्या विणीचा काळ. निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यात वाढलेला हा मासा अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाशी, अधिक खाऱ्या पाण्यात उतरतो. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणून खूप मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असतो आणि तिच्या पोटात लाखो अंडी असू शकतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हौशी गळकऱ्यांनीही या महिन्यांत खाडीचे मुख टाळावे आणि एरवी मोठा जिताडा लागला, तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.