सिलिकॉन-कार्बन ॲनोड : पार्श्वभूमी

१९७० आणि ८०च्या दशकांत लिथियम बॅटरीच्या ॲनोडला, म्हणजे वापरताना इलेक्ट्रॉन बाहेर सोडणाऱ्या टोकाला, थेट लिथियम धातू वापरला जाई. चार्जिंग करताना त्यावर सुईसारखे काटे वाढत, पलीकडच्या टोकाला टेकत आणि बॅटरी कधी कधी पेट घेई. म्हणून १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीत कार्बन आला, पुढे ग्रॅफाइट स्थिरावलं.

मराठीत हा विषय मांडताना पहिली ठेच शब्दालाच लागते. शाळेत आपण ॲनोडला धनाग्र म्हणायला शिकतो. विद्युत अपघटनात ते बरोबर आहे. पण वापरात असलेल्या बॅटरीत इलेक्ट्रॉन ॲनोडमधून बाहेर पडतात, म्हणजे ते ऋण टोक असतं! ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सोडणं) जिथे होतं तो ॲनोड, ही खरी व्याख्या. प्रभाराचं चिन्ह त्यात येतच नाही. चार्जिंगच्या वेळी तर त्याच टोकाला क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) होतं, तरी डिस्चार्जवेळचं नाव कायम ठेवायचं असा प्रघात पडला. ‘सिलिकॉनचं धनाग्र’ असं छापलेलं वाचून विद्यार्थी आकृतीत तारा उलट्या जोडतो. पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळांत मराठीत बोलणारी मुलंही सरळ ‘ॲनोड’ म्हणतात. माझ्या मते लेखनातही तोच शब्द हवा.

ग्रॅफाइटची प्रभार साठवण्याची मर्यादा ग्रॅमला ३७२ मिलिॲम्पिअर-तास. सिलिकॉन सुमारे ३,६०० पर्यंत जातं, पण लिथियम भरताना फुगून जवळपास चौपट होतं. कण तडकतात, दर वेळी उघडा पडणारा नवा पृष्ठभाग इलेक्ट्रोलाइटशी (दोन टोकांमधल्या द्रवाशी) अभिक्रिया करून लिथियम खातो. चार्ज-डिस्चार्जच्या काही फेऱ्यांनंतर सेल उघडला, की तांब्याच्या फॉइलवरचा काळा थर चिमट्याच्या टोकानेही सुटून येतो.

कथिलावरही प्रयत्न झाले होते. १९९७ साली कथिलाच्या ऑक्साइडची काच पुढे आली, २००५ मध्ये कथिल-कोबाल्ट-कार्बनची बॅटरी विक्रीलाही आली. २०१२ साली दिसलं, की साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान स्फटिकी सिलिकॉन कण पहिल्या चार्जिंगला तडकत नाहीत. पण कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि पहिल्याच चार्जिंगला लिथियमचं नुकसानही जास्त. म्हणून ते कार्बनच्या जाळीत बसवायचे, फुगायला पोकळी ठेवायची, नॅनोकॉम्पोझिट हेच. पोकळीमुळे मात्र थर जाड होतो, आणि स्कूटरच्या बॅटरी पॅकमध्ये जागा मोजकीच असते. बाजारातल्या बहुतेक सिलिकॉनवाल्या सेलमध्ये म्हणूनच अजून मुख्य माल ग्रॅफाइटच असतो, सिलिकॉन त्यात थोडंसं मिसळलेलं.